जेरिको येथील नौकागोदीचा वाद

ऑक्सफर्डचें नांव निघतांच आमच्या वाचकांस पंडित मॅक्स म्यूलर यांनीं संपादिलेल्या सायणभाष्यासहित ऋग्वेदाचें स्मरण होईल. इ. स. १८४९ ते १८७४ या काळांत सहा खंडांनीं निघालेला तो ग्रंथ तेथील विद्यापीठ-मुद्रणालयांत छापला गेला. हें मुद्रणालय इ. स. १८३० च्या सुमारास शहराच्या जेरिको नामक भागांत आलें. याच भागाच्या पश्चिम कडेनें ऑक्सफर्डचा कालवा जातो. त्याच्या कांठच्या एका लहानशा नौकागोदीविषयीं जो वाद झाला, त्याचा थोडक्यांत परामर्श घेण्याचें आम्ही योजिलें आहे.

कालव्यास पार्लमेंटची मंजुरी इ. स. १७६९ त मिळाली. कॉव्हेंट्रीकडील खाणींचा दगडी कोळसा थेम्स नदीपर्यंत आणावा, हा हेतु. स्थापत्यविशारद जेम्स ब्रिंडली इ. स. १७७२ त वारला, पुढें द्रव्याची टंचाई पडली, आणि अखेर १ जानेवारी १७९० रोजीं कालवा ऑक्सफर्डांत खुला झाला. लांबी सुमारें ७८ मैल. जेरिकोची वस्ती त्यानंतरची. लोखंडाचा ओतकारखाना, मुद्रणालय व कोळशाचे धक्के यांच्या आश्रयानें मजुरांचीं विटांचीं घरें उभीं राहिलीं. इ. स. १८६९ त झालेलें सेंट बार्नबसचें देवालयही मुद्रणालयाचे व्यवस्थापक टॉमस कोंब यांच्या औदार्याचें फळ होय.

कालव्याच्या शेवटचा मूळ धक्का मात्र आतां दिसत नाहीं. ती जागा इ. स. १९३७ त लॉर्ड नफील्ड यांच्या देणगींतील महाविद्यालयाकडे गेली व पुढें तेथील जलाशय बुजविण्यांत आला. यामुळें जेरिकोची गोदी हीच त्या शहरांत कालव्याच्या जुन्या व्यवहाराची मोठी खूण उरली. कालव्यावरील अरुंद होडी दर कांहीं वर्षांनीं पाण्याबाहेर काढून तिच्या तळास डांबर द्यावें लागतें. तसें न केल्यास पत्रा गंजतो. होड्यांतच बिऱ्हाड करणाऱ्या लोकांस हें काम घराजवळ करून घेण्याची सोय या गोदीनें होती.

सरकारी जलमार्ग-मंडळानें ही जागा घरबांधणीसाठीं विकण्याचें ठरविलें, तेव्हां होडीवाले व पेठेंतील रहिवासी एकत्र आले. इ. स. २००६ त गोदी रिकामी करवून बंद करण्यांत आली. कादंबरीकार फिलिप पुलमन यांनींही विरोधकांची बाजू उघडपणें घेतली. बांधकामाची योजना नामंजूर झाली, आणि इ. स. २००८ त जाहीर चौकशीनंतर तीवरील अपीलही फेटाळलें गेलें. पुढें रहिवाशांच्या संस्था, देवालयाची मंडळी व होडीवाले यांनीं मिळून एक न्यास केला. गोदी, लोकांसाठीं सभागृह व देवालयासमोर मोकळें आंगण असावें, अशी त्यांची योजना होती.

या ठिकाणीं एक आक्षेप संभवतो. ऑक्सफर्डांत घरांची टंचाई खरी आहे; मग पत्र्याच्या छपराखालच्या गोदीसाठीं घरें कां अडवावीं? परंतु घरें मुळींच नकोत असें विरोधकांचें म्हणणें नव्हतें. घरें दुसरीकडे होऊं शकतात, पण होडी पाण्यावांचून अन्यत्र ओढून नेतां येत नाहीं, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. शिवाय जुन्या इमारतीचें सौंदर्य हा येथें मुख्य प्रश्नच नव्हता. जतन करावयाची होती ती वहिवाट.

आम्हांस यांतील मर्म हेंच वाटतें. वास्तूचा दगड जपला आणि तिचा व्यवहार मोडला, तर मागें उरतें तें केवळ प्रेत. उलट, व्यवहार चालूं असेल तर साधें छप्परही इतिहासाचें साधन ठरतें. आपण संग्राहक मंडळी सनदा व महजर मिळवितों, परंतु ज्या घाटावर, धक्क्यावर किंवा पाटावर त्या कागदांतील हक्क बजावले गेले, तेथील कामाची टिपणें क्वचितच करितों. गोदी बंद झाली कीं तेथील अवजारें, बोलीचे शब्द व कारागिरांचे हिशेब दोन-तीन वर्षांत नाहींसे होतात; पोथी मात्र नीट जपल्यास दीर्घकाळ टिकूं शकते. तेव्हां आपापल्या गांवीं असें एखादें स्थान संकटांत सांपडलें असल्यास, संग्राहकांनीं तेथील कारागिरांकडे आधीं जावें व पोथीच्या शोधास मागाहून निघावें, अशी आमची विनंती आहे.