काळं जॅकेट की निऑन? बाइकवर कोणता रंग तुम्हाला खरंच वाचवतो?

बाइकसाठी जॅकेट घ्यायला कोणतंही शॉपिंग अॅप उघडा, समोर बहुतेक काळी जॅकेटच येतात. कारण सरळ आहे. काळा रंग मळखाऊ असतो, कुठल्याही बाइकवर शोभतो आणि फोटोत भारी दिसतो. मग एखादा मित्र म्हणतो, "निऑन घे, लांबून दिसशील." दुसरा म्हणतो, "ज्याला ठोकायचंय तो ठोकतोच, रंगाने काय होतंय?"

दोघांपैकी खरं कोण? या प्रश्नावर प्रत्यक्ष रस्त्यावर अभ्यास झालेले आहेत. त्यातून काय निघालं, त्यामागचं विज्ञान काय आणि तुमचं जॅकेट किती दिसतं हे मोबाइलवर कसं तपासायचं, ते आज मी सांगणार आहे.

विषय फक्त फॅशनचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा मृत्यू झाला. त्यातले जवळपास ७५ हजार, म्हणजे ४४.५ टक्के, दुचाकीवर होते. हे सगळे अपघात रंगामुळे झाले असं अजिबात नाही. पण दिसणं हा त्यातला एक भाग आहे, आणि तो आपल्या हातात आहे.

समोरचा बघतो, तरी आपण दिसत नाही!

अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये हॅरी हर्ट यांच्या टीमने ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी साधारण दोन तृतीयांश वेळा चूक समोरच्या वाहनाची होती. बाइकला आधी जाण्याचा हक्क असताना तो आडवा आला होता. मुख्य कारण काय, तर चालकाला बाइक दिसलीच नाही किंवा फार उशिरा दिसली.

असं का होतं? बाइक समोरून अगदी अरुंद दिसते. कारच्या काचेशेजारच्या खांबामागे ती सहज लपते. शिवाय चालक गर्दीत मोठी वाहनं शोधत असतो, त्यामुळे नजर बाइकवरून फिरते पण मेंदू तिची नोंद घेत नाही.

आता एक हिशोब बघा. ताशी ६० किमी वेगाने बाइक एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोरच्याने तुम्हाला एक सेकंद आधी पाहिलं, तर तुमच्या दोघांमध्ये १७ मीटर जास्त उरतात. टक्कर होणार की वाचणार, हे तेवढ्यात ठरू शकतं.

ऑकलंडच्या अभ्यासात काय सापडलं?

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड भागात १९९३ ते १९९६ या काळात झालेला अभ्यास या विषयात सगळ्यात जास्त सांगितला जातो. तो २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. संशोधकांनी अपघातात गंभीर जखमी किंवा मृत झालेल्या ४६३ चालकांची तुलना त्याच भागात बाइक चालवणाऱ्या १,२३३ जणांशी केली. निकाल असे:

- फ्लोरोसंट किंवा प्रकाश परतवणारे कपडे घालणाऱ्यांमध्ये धोका ३७ टक्के कमी.
- काळ्या हेल्मेटपेक्षा पांढऱ्या हेल्मेटवाल्यांमध्ये धोका २४ टक्के कमी.
- दिवसा हेडलाइट चालू ठेवणाऱ्यांमध्ये धोका २७ टक्के कमी.
- समोरून दिसणाऱ्या कपड्यांचा साधा रंग आणि बाइकचा रंग यांचा धोक्याशी संबंध आढळला नाही.

शेवटचा मुद्दा परत वाचा. साधा लाल किंवा पिवळा टी-शर्ट घातला म्हणून काम झालं, असं नाही. फरक दिसला तो खास कापडाचा, हेल्मेटचा आणि दिव्याचा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. असे कपडे घालणारा माणूस मुळातच सांभाळून चालवणारा असू शकतो. संशोधकांनी वय, अनुभव अशा गोष्टींचा हिशोब धरला होता, पण स्वभाव पूर्णपणे मोजता येत नाही. म्हणून ३७ टक्के ही गॅरंटी समजू नका. दिशा मात्र स्पष्ट आहे.

निऑन एवढं का चमकतं?

साधा रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग परत पाठवतो. फ्लोरोसंट रंग, ज्याला आपण निऑन म्हणतो, तो डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही शोषतो आणि ते दिसणाऱ्या प्रकाशात बदलून बाहेर टाकतो. त्यामुळे तो आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा जास्त उजळ वाटतो. ढगाळ हवेत आणि संध्याकाळी उजेड कमी होत असताना हा फरक चांगला जाणवतो. म्हणजे आपल्याकडच्या पावसाळी दिवसांत निऑन कामाचं.

त्यात पोपटी-पिवळाच जास्त का दिसतो? दिवसाच्या उजेडात आपला डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतो, आणि हा प्रकाश नेमका हिरवट-पिवळा असतो.

रात्री निऑन झोपतं, रेडियम जागं होतं

अंधार पडला की निऑनची जादू बरीचशी संपते, कारण त्याला लागणारा सूर्यप्रकाशच नसतो. तिथे लागते ती चंदेरी पट्टी, जिला आपल्याकडे सगळे "रेडियम" म्हणतात. नंबरप्लेटच्या दुकानात मिळते तीच. बरं का, या पट्टीत रेडियम नावाचं मूलद्रव्य नसतं! तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा छोटे प्रिझम असतात. प्रकाश ज्या दिशेने आला, त्याच दिशेने ते त्याला परत पाठवतात. कारच्या हेडलाइटचा प्रकाश कारकडेच परत जातो, म्हणून चालकाला पट्टी झगमगताना दिसते.

थोडक्यात, दिवसा निऑन आणि रात्री रेडियम. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही, त्यामुळे जॅकेटमध्ये दोन्ही हवं.

पण काळा रंग कधीकधी जिंकतो

इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक मजेशीर गोष्ट दाखवली. शहरातल्या रंगीबेरंगी गर्दीत पांढरे आणि प्रकाश परतवणारे कपडे लवकर नजरेत आले. शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर मात्र, मागे फक्त उजळ आकाश असताना, काळे कपडे जास्त उठून दिसले.

म्हणजे कोणताही रंग सगळीकडे जिंकत नाही. मागच्या दृश्यापेक्षा तुम्ही किती वेगळे दिसता, ते महत्त्वाचं. आपला रोजचा प्रवास बहुधा डांबरी रस्ता, झाडांची सावली आणि गडद गाड्यांच्या गर्दीतून होतो. तिथे काळं जॅकेट मागच्या दृश्यात मिसळून जातं.

मोबाइलवर तपासून बघा

या दोन टेस्ट मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये करून पाहिल्या आहेत. तुम्हीही गाडी उभी असताना आणि रहदारी नसलेल्या जागीच करा.

१. ब्लॅक अँड व्हाइट टेस्ट: जॅकेट-हेल्मेट घालून बाइकवर बसा आणि मित्राला ४०-५० पावलांवरून फोटो काढायला सांगा. फोटोला ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा आणि गॅलरीत तो छोट्या आकारात बघा. नजरेच्या कडेला आपल्याला रंग नीट कळत नाहीत, उजेड-अंधारातला फरक जास्त कळतो. फिल्टर साधारण तेच दाखवतो. तुम्ही मागच्या दृश्यात विरघळलात, तर समोरच्या चालकालाही शोधावं लागेल.

२. फ्लॅश टेस्ट: रात्री नाइट मोड बंद करा, नाहीतर फोन स्वतःच फोटो उजळ करतो. १०-१५ पावलांवरून फ्लॅश टाकून समोरून, बाजूने आणि मागून फोटो काढा. जिथे पट्टी चमकत नाही, तिथून तुम्ही रात्री जवळजवळ गायब आहात. मी हे केलं तेव्हा जॅकेटच्या पाठीवरची मोठी पट्टी सॅकने पूर्ण झाकली होती. मग सॅकवरच पट्टी लावली.

फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे फोटोत चमक जरा जास्तच येते. कारमध्ये चालकाचे डोळे हेडलाइटच्या बरेच वर असतात, म्हणून त्याला थोडी कमी दिसते. फोटोत पट्टी अंधुक आली, तर रस्त्यावर तिचा भरवसा धरू नका.

मग घ्यायचं काय?

- नवीन हेल्मेट घेताना आधी आयएसआय मार्क, मग पांढरा किंवा फिकट रंग. घरी हेल्मेट रंगवू नका, रंगातल्या रसायनांनी त्याचं कवच कमजोर होऊ शकतं.
- काळं जॅकेट टाकून द्यायची गरज नाही. वरून पट्ट्या असलेलं निऑन बनियनसारखं जॅकेट घाला. फ्रान्समध्ये असं जॅकेट बाइकवर जवळ ठेवणं २०१६ पासून सक्तीचं आहे.
- रेनकोट गडद निळा-काळा घेऊ नका. पावसात आधीच कमी दिसतं.
- निऑन कापड उन्हाने फिकं पडतं आणि मळलेली पट्टी चमकत नाही. अधूनमधून तपासा.
- १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनसोबत आपोआप चालू राहतो. जुनी गाडी असेल तर दिवसाही लो बीम चालू ठेवा.

शेवटी एक सांगतो. निऑन जॅकेटमुळे समोरच्याची नजर तुमच्यावर पडेल, पण तुमचा वेग त्याला नीट कळेलच असं नाही. छोटी वस्तू आपल्याला आहे त्यापेक्षा लांब वाटते. म्हणून चौकात वळायला थांबलेली गाडी दिसली, की त्याने आपल्याला पाहिलं नाही असंच धरून चला, वेग कमी करा आणि बोट ब्रेकवर ठेवा.

आज रात्री पार्किंगमध्ये फ्लॅश टेस्ट करा, पाचच मिनिटं लागतात. आणि तुमच्या ग्रुपमध्ये डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत फिरणारा एखादा मित्र असेल, तर त्याचाही फोटो काढून त्याला दाखवा!