डबीला परवाना, हाताला नाही

गेल्या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयाची एक माजी विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. तालुक्याच्या गावी ब्यूटी पार्लर काढण्यासाठी बँकेकडे मुद्रा कर्जाचा अर्ज करावयाचा होता आणि त्यासोबत जोडावयाचा खर्चाचा तक्ता तिला तपासून हवा होता. तक्ता तिने नेटका केला होता. खुर्ची, आरसा, वाफेचे यंत्र, जागेची अनामत, सारे त्यात होते. कागदांच्या तळाशी एका खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा ‘डिप्लोमा’ होता. त्यावर सोनेरी शिक्का होता आणि ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ असे शब्द होते. मान्यता कोणाची, याचा मात्र उल्लेख नव्हता. या कागदासाठी तिच्या आईने बांगड्या गहाण टाकून पंचेचाळीस हजार रुपये भरले होते. जाता जाता तिने विचारले, “सर, हा सरकारमान्य आहे ना? याच्याशिवाय दुकान काढता येत नाही, असे तिथे सांगितले होते.”

तिला जे सांगण्यात आले ते खरे नव्हते. भारतात वकिली करावयाची तर बार कौन्सिलची सनद लागते, औषधाचे दुकान चालवावयाचे तर नोंदणीकृत औषधनिर्माता लागतो. परंतु दुसऱ्याच्या चेहऱ्यावर रसायन लावण्यासाठी, भुवया कोरण्यासाठी वा केस रंगविण्यासाठी त्या व्यक्तीने अमुक शिक्षण घेतलेच पाहिजे, अमुक परीक्षा दिलीच पाहिजे, असे सांगणारा केंद्रीय कायदा नाही आणि महाराष्ट्राचाही नाही. जे परवाने आहेत ते जागेचे व आस्थापनेचे आहेत. ज्याला आपण ‘गुमास्ता’ म्हणतो ती दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंद कामाचे तास, सुट्ट्या व नोकरांच्या सेवाशर्ती यांच्यासाठी असते. १९४८ च्या जुन्या कायद्याची जागा २०१७ च्या कायद्याने घेतली, तेव्हा दहाहून कमी कामगारांच्या आस्थापनांना नोंदणीतूनही वगळून केवळ सूचना देणे पुरेसे ठरविण्यात आले. मुंबईसारख्या शहरात महापालिकेचा आरोग्यविषयक परवाना असतो. त्यातही जागा पाहिली जाते. खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाला काय येते, हा प्रश्न कोणताही कायदा विचारीत नाही.

याउलट त्याच पार्लरमधील केसांच्या रंगाची डबी पाहा. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांनुसार ती बनविणाऱ्याला परवाना लागतो. रंगात पॅराफेनिलीन डायअमीन हे द्रव्य असेल, तर प्रथम त्वचेच्या लहानशा भागावर चाचणी घ्यावी आणि रंग भुवयांना वा पापण्यांना लावू नये, तसे केल्यास अंधत्व येऊ शकते, असा इशारा वेष्टणावर छापावाच लागतो. हा इशारा वाचावयाचा कोणी? गिऱ्हाईक डोळे मिटून बसलेले असते. वाचणे व पाळणे हे रंग लावणाऱ्याचे काम. आणि नेमक्या त्याच ठिकाणी कायद्याची दृष्टी संपते. डबीला परवाना, हाताला नाही, अशी ही व्यवस्था आहे.

हा धोका कल्पनेतला नाही. कावीळ ‘ब’चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो, एकाच पात्याने दोघांची दाढी करणे वा रक्त लागलेले अवजार नुसते पुसून पुन्हा वापरणे यांतील जोखीम यावरून ध्यानात येईल. मुरुमांसाठी रेटिनॉइड वर्गातील औषध घेणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर वॅक्सिंग केले, तर केसांबरोबर कातडीही सोलवटून निघते. केस सरळ करण्याच्या काही द्रव्यांतून फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो. तो गिऱ्हाइकाच्या नाकात महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जातो, काम करणाऱ्या मुलीच्या नाकात रोज. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी २०२३ मध्ये मूत्रपिंडविकाराचे असे रुग्ण नोंदविले, की ज्यांच्या आजाराचा माग त्वचा उजळ करणाऱ्या पारायुक्त क्रीमपर्यंत पोहोचला. सौंदर्यप्रसाधनात हेतुतः पारा घालण्यास आपल्या नियमांनी मर्यादा घातली आहे. पण लेबल नसलेली डबी हाती आली तर ती बाजूला ठेवावी, हे ज्ञान लावणाऱ्याला कोणी दिलेले असतेच असे नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न अपरिचित नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती असेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. पार्लरमध्ये हेच घडते. अवजारे उकळणारी, दर गिऱ्हाइकाला स्वच्छ टॉवेल देणारी, चाचणीसाठी दोन दिवस थांबावयास सांगणारी स्त्री अधिक खर्च करते. शेजारची यातले काही करीत नाही आणि तिच्यापेक्षा कमी पैसे घेते. गिऱ्हाइकाला फरक दिसतो तो दरांतला, स्वच्छतेतला नव्हे. मग पहिलीने किती दिवस स्वच्छता सांभाळावी?

यावर उपाय म्हणून परवाना हवा, असे कोणी म्हणेल. मात्र परवान्याची किल्ली कोणाच्या हाती असते, याचा इतिहास विसरून चालणार नाही. आपल्या गावगाड्यात या व्यवसायाला परवाना होताच. तो जन्माचा होता. बारा बलुतेदारांतील न्हाव्याचे काम न्हाव्याच्या घरात जन्मलेल्यानेच करावयाचे. शिक्षण बापाकडून, मोबदला सुगीच्या धान्यातून. कौशल्य अव्वल असे, पण दार बाहेरच्याला बंद आणि आतल्यालाही बाहेर पडावयास बंद.

जन्माचा हा परवाना गेला, तरी दार अडविण्याची वृत्ती गेली नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषाकारांच्या संघटनेच्या सदस्यत्वावाचून काम मिळणे कठीण. आणि त्या संघटनेचा दंडक असा, की रंगभूषा पुरुषांनी करावी, स्त्रियांनी केशभूषेपुरते थांबावे. लॉस एंजेलिस येथे रंगभूषेचे रीतसर शिक्षण घेऊन आलेल्या चारू खुराना यांना याच कारणाने सदस्यत्व नाकारण्यात आले. महाराष्ट्रातील पाच वर्षांच्या वास्तव्याची अटही त्यांच्या आड आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने या दोन्ही अटी घटनाबाह्य ठरविल्या. येथे अट घालणारे सरकार नव्हते, धंद्यातलेच लोक होते. आणि त्या अटीचा कौशल्याशी काडीचाही संबंध नव्हता.

सरकारने घातलेल्या अटी अधिक शहाण्या असतात, असेही नाही. अमेरिकेत सर्व राज्यांत या व्यवसायाला परवाना सक्तीचा आहे. त्यासाठी विद्यालयात घालवावयाचे तास मोजले जातात, आणि हे तास भरविण्याचे शुल्क विद्यार्थ्याने द्यावयाचे असते. टेक्सास राज्यात दोऱ्याने भुवया कोरण्याचे, म्हणजे आपल्याकडील थ्रेडिंगचे, काम करणाऱ्यांनाही ७५० तासांचे शिक्षण घेणे भाग होते. ज्या कामात रसायन नाही, पाते नाही, केवळ सुती दोरा आहे, त्यासाठी ही अट! काही भारतीय वंशाच्या व्यावसायिकांनी दावा लावला. या ७५० तासांपैकी सुमारे ३२० तासांचा थ्रेडिंगच्या सुरक्षिततेशी संबंध नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये नमूद केले आणि ही सक्ती जाचक म्हणून रद्द केली. पुढे कॅलिफोर्निया राज्यानेही २०२२ पासून केशभूषा व सौंदर्योपचाराच्या शिक्षणाची अट १,६०० तासांवरून १,००० तासांवर आणली. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली दिलेला इशारा असा, की धंद्याचे परवाने ग्राहकाच्या नावाने मागितले जातात, पण ते मागावयास ग्राहक सहसा येत नाही. येतात ते धंद्यात आधीच बसलेले लोक. फ्रीडमन यांचे सारे निष्कर्ष मान्य नसलेल्यानेही हे निरीक्षण ध्यानी ठेवावे असे आहे.

म्हणजे एकीकडे परवाना नसल्याने होणारी हानी, दुसरीकडे परवान्याने होणारी अडवणूक. यातून वाट काढावयाची तर एक भेद स्पष्ट करावा लागेल. कोणी किती वर्षे, कोठे व किती पैसे देऊन शिकले, हे पाहणे निराळे; आणि त्याच्या हाताला सुरक्षित काम करता येते का, हे पाहणे निराळे. समाजाचे हित दुसऱ्या प्रश्नात आहे. आपल्याकडे धंदा चालतो तो पहिल्याच्या जोरावर.

सरकारी शिक्षणाची सोय नाही, असे नाही. १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो व त्याला राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अल्प मुदतीचे अभ्यासक्रम आहेत. एवढेच नव्हे, तर शाळेत न जाता काम करून शिकलेल्यांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची तरतूदही आहे. या अखेरच्या तरतुदीचे मोल मोठे आहे. आपल्याकडे असंख्य स्त्रिया मावशीच्या, शेजारणीच्या वा मालकिणीच्या हाताखाली शिकल्या आहेत. त्यांच्या हातात दहा-पंधरा वर्षांचे कसब असते आणि खिशात एकही कागद नसतो. परंतु ही सारी प्रमाणपत्रे ऐच्छिक. ती असलेल्या व नसलेल्या दुकानांत गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. आणि सोनेरी शिक्क्याच्या खासगी कागदापुढे आयटीआयचे साधे प्रमाणपत्र फिके दिसते. बाजारात खोटे नाणे चालू राहते ते असे.

तेव्हा राज्य सरकारने काय करावे? सर्वसामान्य पार्लरच्या कामासाठी शिक्षणाच्या तासांची वा पदविकेची सक्ती करू नये. त्याऐवजी सुरक्षिततेची एकच छोटी परीक्षा सक्तीची करावी. ती मराठीत व्हावी, तालुक्याच्या आयटीआयमध्ये व्हावी, तिचे शुल्क एका दिवसाच्या कमाईहून अधिक नसावे, आणि ती देण्यास कोणत्याही संस्थेचे प्रमाणपत्र लागू नये. प्रश्नही मोजके असावेत. अवजार कसे निर्जंतुक करावे, रंगाची चाचणी कशी व किती आधी घ्यावी, कोणत्या त्वचेवर काय करू नये, गजकर्ण वा उघडी जखम दिसली तर काय करावे, लेबलावर काय पाहावे. लिहिता न येणाऱ्यास तोंडी उत्तरे देता यावीत. प्रात्यक्षिक मात्र सर्वांनी करून दाखवावे. उत्तीर्ण झालेल्याचे ओळखपत्र आरशाशेजारी लावलेले असावे, म्हणजे गिऱ्हाइकाला ते वाचता येईल. आज पार्लर चालविणाऱ्यांना यासाठी दोन-तीन वर्षांची मुदत द्यावी.

जेथे धोका मोठा आहे तेथे नियमही कडक हवेत. केशरोपण प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. लेझर, तीव्र आम्लांचे उपचार, सुईने द्रव्य टोचणे यांबाबतही पार्लरच्या कामाची हद्द कोठे संपते, हे पाटीवर लिहिता येईल इतक्या स्वच्छ भाषेत ठरले पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आणखी एक परवाना म्हणजे आणखी एका निरीक्षकाची चिरीमिरी. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच परीक्षा घेणारा आणि दुकान तपासणारा एक असू नये, आणि नापास झालेल्यास महिन्याभरात पुन्हा बसता यावे. दुसरा आक्षेप असा, की घरातल्या एका खोलीत चार पैसे मिळविणाऱ्या बाईच्या पोटावर यामुळे पाय येईल. वस्तुतः पाय आजच येतो आहे. नोकरी मागावयास गेली की तिला डिप्लोमा विचारला जातो. मोबाइलवरून घरपोच सेवा पुरविणाऱ्या कंपन्या कोणाला घ्यावे व कोणाला काढावे हे आपापल्या कसोट्यांनी ठरवितात. आणि तिने मिळविलेले कसब तिच्यासोबत एका गावातून दुसऱ्या गावी जाऊ शकत नाही. स्वस्त, सार्वजनिक व सर्वत्र चालणारे ओळखपत्र हे अशा स्त्रीचे भांडवल ठरेल. त्याची झळ लागलीच तर सोनेरी शिक्के विकणाऱ्यांना लागेल.

त्या विद्यार्थिनीला मी खरे ते सांगितले. दुकान काढण्यास हा कागद लागत नव्हता, आणि भरलेले पैसे परत मिळण्याची आशा थोडी. ती क्षणभर गप्प राहिली. मग तिने विचारले, “सर, मला काम चांगले येते. ते कुठे दाखवायचे?” प्रशिक्षण व परवान्याच्या साऱ्या चर्चेचे सार या एका प्रश्नात आहे. असे एखादे ठिकाण तालुक्यातालुक्यांतून उघडणे ही शासनाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट नाही. आयटीआयच्या इमारती उभ्या आहेत, अभ्यासक्रम तयार आहेत. ते दार उघडेपर्यंत बांगड्या गहाण पडतच राहतील.