बँकेचे संचालक मंडळ असते कशासाठी? कर्नाळा बँकेच्या निमित्ताने

‘कर्नाळा’ म्हटले की बाहेरगावच्या माणसाला किल्ला आणि पक्ष्यांचे अभयारण्य आठवते. पनवेलकरांना मात्र बुडालेली बँक आठवते. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. त्याआधी २०२० मध्येच निर्बंध आले होते आणि खात्यातून फक्त ५०० रुपये काढता येत होते. कोरोनाच्या त्या दिवसांत ५०० रुपयांत काय होणार होते, हे वेगळे सांगायला नको.

ईडीचा आरोप असा की ६३ बनावट कर्जखाती उघडून सुमारे ५१२ कोटी रुपये बँकेबाहेर नेले गेले आणि त्यातले बरेचसे कर्नाळा चॅरिटेबल ट्रस्ट व कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीकडे वळले. या तिन्ही संस्थांशी जोडलेले नाव एकच होते, शेतकरी कामगार पक्षाचे माजी आमदार आणि बँकेचे अध्यक्ष राहिलेले विवेक पाटील. जून २०२१ मध्ये त्यांना अटक झाली. दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, त्यात आम्ही पडत नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. चर्चा कायम एका नावाभोवती फिरते, पण सहकारी बँक कायद्याने एका माणसाची नसतेच. तिला निवडून आलेले संचालक मंडळ असते. त्या खुर्च्यांवर बसलेल्या बाकीच्यांचे काम काय होते?

आपल्याकडे ‘संचालक’ हा मान समजला जातो. लग्नपत्रिकेत नावापुढे छापला जातो, सत्काराच्या स्टेजवर खुर्ची मिळते. प्रत्यक्षात ही राखणदारी आहे. रोजचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी आणि कर्मचारी बघतात. संचालकांनी कर्जाचे धोरण ठरवायचे, मोठी कर्जे तपासायची, ऑडिटरने काढलेल्या चुका दुरुस्त झाल्या का ते बघायचे आणि अध्यक्षांनासुद्धा प्रश्न विचारायचे. कर्ज घेणारा माणूस खरोखर आहे का? तारण कुठे आहे? पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामाला लागला का? हप्ते कुठून येतात? यासाठी फार मोठे शिक्षण लागत नाही, थोडी हिंमत लागते. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना नागरी सहकारी बँकेने कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २००३ पासून आहे, काही मोजके अपवाद सोडले तर. म्हणून तर आरोपांमध्ये बनावट खात्यांचा विषय येतो. उघडपणे जे करता येत नाही, ते दुसऱ्याच्या नावावर केले जाते. २०१९ मध्ये अडचणीत आलेल्या पीएमसी बँकेतही एचडीआयएल या बिल्डर कंपनीची थकीत कर्जे लपवायला हजारो बनावट खाती दाखवल्याचे समोर आले होते.

“मी तर फक्त सही केली, मला काय माहीत?” असे म्हणून संचालकाची सुटका होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे समितीच्या निर्णयांना सगळे सदस्य एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात. संस्थेचे नुकसान झाले तर कलम ८८ खाली चौकशी होऊन आजी-माजी संचालकांकडून वसुली करता येते. मात्र याच कायद्यात एक दरवाजाही ठेवला आहे. एखाद्या संचालकाला ठराव पटला नाही तर तो आपला विरोध इतिवृत्तात नोंदवू शकतो, आणि मग त्या निर्णयाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. बैठक संपल्यावर चहाच्या टपरीवर केलेली कुरकुर इथे उपयोगाची नाही. इतिवृत्तातली एक ओळ उपयोगाची.

आता या संचालकांना निवडते कोण? इथे बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. बँकेत पैसे ठेवले म्हणून मतदानाचा हक्क मिळत नाही. मत भागधारक सभासदाला असते. कर्ज घेणाऱ्याला शेअर घ्यावे लागतात, म्हणून कर्जदार सहज सभासद होतो. पण निवृत्तीचे पैसे किंवा मुलीच्या लग्नासाठी जमवलेली रक्कम ठेवणारा ठेवीदार बहुतेक वेळा नुसता ग्राहकच राहतो. म्हणजे पैसा ज्यांचा जास्त, त्यांचा आवाज कमी. सहकारी बँकांचे हे जुने दुखणे आहे, आणि आमच्या मते बाकीच्या बऱ्याच गोष्टींचे मूळ इथेच आहे. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या शेवटी १०० कोटी किंवा जास्त ठेवी असलेल्या नागरी बँकांना संचालक मंडळाशिवाय जाणकारांचे वेगळे व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितले, त्यामागे हाच विचार दिसतो.

ठेवीदाराला आधार आहे तो ठेव विम्याचा. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख झाली. कर्नाळा बँकेच्या ९५ टक्के ठेवीदारांना या विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द करताना सांगितले होते. आकडा ऐकायला बरा वाटतो. पण ५ लाखांच्या वरची रक्कम असलेल्यांना अवसायक बँकेची मालमत्ता विकून काय देतो, याची वाट बघत बसावे लागते. आणि हे ५ लाख प्रत्येक शाखेला वेगळे नसतात. एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतली तुमची बचत, मुदत ठेव, चालू खाते आणि त्यावरचे व्याज मिळून ५ लाख.

पतसंस्थांचे तर आणखी वेगळे. मोहल्ल्यातली पतसंस्था कितीही ओळखीच्या माणसांची असो, तिच्या ठेवींना हा विमा लागू नाही. तिथे तुमच्या अमानतीची राखण संचालकांवरच येते.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत होतात आणि त्याआधी सभासदांना अहवाल मिळतो. तुम्ही सभासद असाल तर फोटोंची पाने उलटून थेट तीन ठिकाणी बघा: ऑडिटचा वर्ग अ, ब, क की ड, एकूण कर्जात थकीत कर्ज किती टक्के, आणि मागच्या वर्षीच्या ऑडिटमधल्या त्रुटींचा दुरुस्ती अहवाल सादर झाला की नाही. तो सादर झालेला नसेल तर सभेत उभे राहून विचारा, आणि आपला प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. सभासद नसाल, तर आधी शेअरचा अर्ज मागा आणि त्यावर ‘नाममात्र सभासद’ लिहिलेले नाही ना, हे वाचून मगच सही करा. नाममात्र सभासदाला मत नसते.