टायमिंग बेल्टचा ताण: चिमटीचा अंदाज आणि खरं माप

गाडीचा टायमिंग बेल्ट घरीच बदलायला घेतलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: ‘लांब बाजू चिमटीत धर आणि पीळ. नव्वद अंशांवर अडला की ताण बरोबर.’

हा नियम कुणी हवेतून काढलेला नाही. फोक्सवागन गोल्फच्या जुन्या आठ-वॉल्व्ह पेट्रोल इंजिनांसाठी तो खरोखरच सांगितलेला होता, पण कॅमशाफ्ट आणि इंटरमीजिएट शाफ्ट यांच्या पुल्यांमधल्या भागापुरता. तिथली लांबी ठरलेली, बेल्टची रुंदी ठरलेली. ही अट गळून पडली आणि उरला नुसता ‘नव्वद अंश’. दोन पुल्यांमधलं अंतर कमी असेल किंवा बेल्ट रुंद असेल, तर तेवढाच ताण असूनही तो पिळायला जड जातो. शिवाय पिळणारी बोटं रोज पाना फिरवणाऱ्या मेकॅनिकची की कीबोर्ड बडवणाऱ्याची, हाही फरक आहेच. अंगठ्याने दाबून ‘अर्धा इंच दबला की झालं’ म्हणणाऱ्यांचंही तेच. किती किलोचा दाब दिला हे ठाऊक नसेल, तर अर्धा इंच या आकड्याला काही अर्थ नाही.

मग लोक मोबाइलकडे वळतात. बेल्टला टिचकी मारायची आणि गिटार जुळवायच्या अ‍ॅपवर कंपनसंख्या वाचायची. यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे आणि कारखान्यांतली ध्वनीवर चालणारी ताणमापकंही याच तत्त्वावर चालतात. गैरसमज पुढे आहे: ‘माझ्या मित्राच्या गाडीत इतके हर्ट्‌झ होते, म्हणजे माझ्याही गाडीत तितकेच हवेत.’ बेल्टचं दर मीटरचं वजन, मोकळ्या भागाच्या लांबीचा वर्ग आणि कंपनसंख्येचा वर्ग यांच्या गुणाकाराची चौपट म्हणजे ताण. समजा, मीटरला १०० ग्रॅम वजनाचा बेल्ट आहे, मोकळा भाग २० सेंटिमीटर आहे आणि कंपनसंख्या १०० हर्ट्‌झ आली. ताण झाला १६० न्यूटन. तीच ११० आली तर ताण जवळजवळ १९४. कंपनसंख्या दहा टक्के वाढली की ताण एकवीस टक्के वाढतो. म्हणून दुसऱ्या इंजिनाचा आकडा इथे चालवणं धोक्याचं. घरात पंखा किंवा कॉम्प्रेसर चालू असेल, तर मोबाइल त्याचाच सूर पकडून बसतो, तेही बंद ठेवावं.

मापयंत्र आणलं म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. पोर्शे ९४४ घ्या. ही गाडी १९८२ ते १९९१ या काळात विकली गेली आणि आजही हौशी मंडळी ती घरीच खोलतात. तिच्यासाठी कंपनीचं पी ९२०१ नावाचं खास मापयंत्र होतं. नव्या कॅम बेल्टसाठी त्यावर ४ च्या आसपास वाचन यायला हवं, पण हे ४ म्हणजे ४ किलोही नव्हे आणि ४ न्यूटनही नव्हे. ती त्या यंत्राची स्वतःची पट्टी. दुसऱ्या गेजवर ४ शोधत बसलात, तर हाती काहीच लागणार नाही.

‘इंजिन गरम असताना मोजलं तर खरा ताण कळतो’ हे ऐकायला पटतं, पण उलटं आहे. अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि ब्लॉक तापून फुगतात, पुल्या एकमेकींपासून लांब जातात. बेल्टच्या आतली काचतंतूंची दोरी मात्र फारशी ताणली जात नाही, त्यामुळे ताण वाढतो. कंपनीने आकडा थंड इंजिनासाठी दिला असेल, तर गरम इंजिनावर तो जुळवल्यास बेल्ट ढिलाच राहतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजावं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे इंजिन हाताने फिरवणं. वॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला एका बाजूला ढकलत असतात. त्यामुळे एक भाग ताठ आणि दुसरा सैल दिसू शकतो. क्रँकच्या बोल्टला पाना लावून, इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेने दोन पूर्ण फेरे द्यायचे. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून दोन फेऱ्यांत त्याचा एक फेरा होतो आणि टायमिंगच्या खुणा पुन्हा समोरासमोर येतात. मगच मोजायचं. मध्येच कुठे पाना अडला तर जोर लावू नका, खुणा चुकल्या असण्याची शक्यता आहे. आणि पाना कॅमच्या बोल्टला नको, क्रँकलाच.

‘टेन्शनर आपोआप ताण देतो, मग मोजायचं काय?’ मारुती ८०० मध्ये टेन्शनरला स्प्रिंग आहे खरी, पण ती बेल्टची ढील काढते, नंतर बोल्ट आवळून टेन्शनर आपणच पक्का करायचा असतो. बऱ्याच नव्या टेन्शनरांना काटा असतो, तो खाचेत बसवायचा. गंमत अशी की बोल्ट आवळताना टेन्शनरची विकेंद्री चकती त्याच्याबरोबर किंचित सरकते आणि खाचेत बसलेला काटा बाहेर येतो. आवळून झाल्यावर, फेरे देऊन, पुन्हा काट्याकडे बघायला हवं.

‘थोडा जास्तच आवळा, नंतर सैल होतो’ हा सल्ला वॉटर पंपाच्या आणि टेन्शनरच्या बेअरिंगांना महागात पडतो. जास्त ताणलेला बेल्ट शिट्टीसारखा आवाज करतो, ढिला बेल्ट कव्हरवर आपटतो किंवा दात सोडतो. वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतात अशा इंजिनात दात सुटले की वॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं.

शेवटी, बोनेट उघडण्याआधीच एक खात्री करून घ्या. स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेलला बेल्ट नसतो, चेन असते, आणि डस्टरच्या १.५ लिटर डिझेलला बेल्ट असतो.