आधी जमीन, मग लेथ

घरामागे गुंठा-दोन गुंठे मोकळी जागा, निवृत्ती झालेली किंवा तोंडावर आलेली आणि हाताला लोखंडाची सवय. अशा माणसाच्या डोक्यात एक शेड कायम उभी असते. कोल्हापूर, सांगली, नाशिक, पिंपरी-चिंचवड या भागांत अशी माणसं गल्लोगल्ली भेटतात. शेड प्रत्यक्षात उभी राहू लागली की बहुतेकांचा क्रम उलटा होतो. कुठे तरी कारखाना बंद पडतो, मशीन भंगाराच्या भावात निघतं, टेम्पो ठरतो आणि टनभर बीड घरासमोर ताडपत्रीखाली येऊन बसतं. मग त्याच्याभोवती शेड बांधायला घेतात.

लेथचा मोह मात्र समजण्यासारखा आहे. वर्कशॉपमधल्या बाकी बहुतेक मशीनचे भाग लेथवर होतात, आणि लेथचेही बरेचसे भाग लेथवरच होतात. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या डेव्हिड गिंगरी यांनी हे टोकाला नेऊन दाखवलं. भंगारातून अख्खं वर्कशॉप कसं उभारायचं यावर त्यांनी सात पुस्तिका लिहिल्या. सुरुवात कोळशाच्या भट्टीपासून. तिच्यात भंगार ॲल्युमिनियम वितळवायचं, रेतीच्या साच्यात ओतायचं आणि कानस, स्क्रेपर नि साध्या ड्रिलवर लेथ जुळवायचा. त्या लेथच्या मदतीने शेपर, मग मिलिंग मशीन. मशीन विकत घ्यायचंच नाही! आपल्याकडे जुना बिडाचा लेथ परवडण्याजोग्या भावात मिळतो, त्यामुळे या वाटेने जाण्याची गरज सहसा पडत नाही. पण कोणत्या मशीनमधून कोणतं मशीन निघतं, हा त्यांचा क्रम खरेदी करतानाही ध्यानात ठेवावा असा आहे.

जागेचं महत्त्व कळायला मिसुरीला जायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. त्यातून कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर असा व्याप वाढला आणि पुढे बेळगावातली जागाच सोडावी लागली. औंध संस्थानाने कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिलं आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच घराण्याने 1941 साली हरिहरला मैसूर किर्लोस्कर काढली. तिथले लेथ आज लिलावात आणि जुन्या बाजारात फिरताना दिसतात, घरगुती शेडमध्येही येतात. एचएमटीचा मिळाला तर आणखी चांगलं, पण तो जड, आणि भावही चढा. राजकोट किंवा बटाल्याचा पट्ट्यावर चालणारा लेथ स्वस्त. घरच्या कामाला तो पुरतो, हे माझं मत. अनेक टर्नर यावर नाक मुरडतील.

आता जमीन. पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी घालून लेथ ठेवला, तर मे महिन्यात लेव्हल केलेलं मशीन ऑगस्टमध्ये पिळलेलं असतं. काळी माती उपसून मुरूम भरायचा, पाणी मारून ठोकायचा आणि वर जाळी टाकून सहा इंचांचं काँक्रीट. लेथखाली तेच आणखी जाड. यावर खर्च करताना जीवावर येतं, कारण खर्च गाडला जातो, पाहुण्याला दाखवता येत नाही.

दाराकडेही दुर्लक्ष होतं. टनभराचा लेथ हायड्रा क्रेनने दारापर्यंत येतो. पुढे पाइपांचे तुकडे खाली सरकवत, पहारीने रेटत आत न्यावा लागतो. त्यामुळे दहा फुटी शटर हवं आणि उंबरा नको. छताला एक आय-बीम आणि त्यावर दोन टनी चेन पुली आधीच बसवली, तर पुढे एकट्याला चक उतरवता येतो. त्यासाठी खांबही त्या वजनाच्या हिशेबाने घ्यावे लागतात. ते नंतर सुचून उपयोग नाही.

विजेचं गणित थोडं किचकट. जुन्या लेथची मोटर तीन फेजची, 415 व्होल्टची. घरात सहसा एक फेज, 230. तीन फेजची जोडणी मिळत असेल तर घ्यावी, मात्र धंदा करणार असाल तर दर वेगळा लागतो. नसेल तर एका फेजवरून तीन फेज करून देणारा व्हीएफडी. लहान मोटरी बहुधा स्टारमध्ये जोडलेल्या असतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहाही टोकं बाहेर काढलेली असली, तर तीच मोटर डेल्टात जोडून 230 व्होल्टच्या व्हीएफडीवर चालते. तीनच टोकं दिसली तर आधी वाइंडिंगवाल्याला गाठावं. अर्थिंगचा खड्डा मात्र स्वतः उभं राहून करून घ्यावा. उजेडाचाही विचार करावा: जुन्या चोकच्या ट्यूबखाली ठरावीक वेगाने फिरणारा चक थांबल्यासारखा दिसू शकतो, आणि तिथे हात जातो.

हे सगळं झालं की लेथ बघायला जावं. रंगाकडे बघू नये. रंग काल मारलेला असतो. कॅरेज चकजवळ आणून त्याची ढिलाई काढून टाकायची, मग हाताने टेलस्टॉककडे सरकवत न्यायचं. मध्येच अडकलं तर चकजवळचा बेड झिजला आहे, कारण काम सगळं तिथेच होतं. टोकाकडचा भाग कोराच राहतो. थोडं अडकणं चालतं, ठप्प होणं नाही. चेंज गिअर पूर्ण आहेत का ते मोजावं. लीड स्क्रू इंचाचा असेल तर 127 दातांचा गिअर आहे का विचारावं. इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्यामुळे अचूक मेट्रिक आटे पाडायचे तर हा आकडा लागतोच. विकणारा ‘तो कुठेही मिळेल’ म्हणतो. शोधायला लागलं की कळतं.

बसवतानाचं खरं कसब लेव्हलिंगमध्ये आहे. गवंड्याची पाणसळ इथे चालत नाही. मीटरमागे 0.02 मिलिमीटरचा फरक दाखवणारी मास्टर लेव्हल लागते. ती बेडवर आडवी ठेवून आधी चकच्या, मग टेलस्टॉकच्या टोकाला बुडबुडा बघायचा. तो दोन्हीकडे सारखा थांबेपर्यंत पायाखाली शिम सारायच्या, बोल्ट आवळायचे. इथे थांबायचं नाही. जाड सळई चकमध्ये धरायची, टेलस्टॉकचा आधार द्यायचा नाही. तिच्यावर सहा-सात इंचांच्या अंतराने दोन कडी ठेवून मधला भाग उतरवायचा आणि एकाच सेटिंगवर दोन्ही कड्यांवरून अगदी बारीक कट घ्यायचा. मायक्रोमीटर लावल्यावर दोन व्यासांत फरक आला, तर बहुधा बेडला अजून पीळ आहे. टेलस्टॉककडचा एक बोल्ट जरा सैल करायचा, पुन्हा कट, पुन्हा माप. टनभर बिडाचा बेड पान्ह्याच्या पाव फेऱ्याने हलतो, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खोटं वाटतं. फरक एक शतांश मिलिमीटरच्या आत आला की घरच्या कामाला पुरे.

वेल्डिंग आणि ग्राइंडर लेथपासून लांब, जमल्यास भिंतीपलीकडे. ग्राइंडरची धूळ तेलकट बेडवर बसली की कॅरेज रोज त्यावरून बेड घासत राहतं. आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जॉबलाच लावायचा. मशीनच्या अंगाला लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगवर खड्डे पडतात. फिरत्या लेथजवळ हातमोजे, ओढणी, लांब बाह्या, गळ्यातली साखळी यातलं काहीही नको. चकची चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही. नातवंडं शेडमध्ये येत असतील, तर मेन स्विचला कुलूप.

आणि बजेट. लेथला जितके पैसे जातात, जवळपास तितकेच हळूहळू चार जबड्यांचा चक, ड्रिल, टॅप, टूल बिट, डायल गेज, ग्रॅनाइटची सरफेस प्लेट यांवर जातात. मुंबईची नागदेवी किंवा पुण्याचा जुना बाजार यांत ही रक्कम हजार-पाचशे करत विरघळते, म्हणून घरात कुणाला तिचा पत्ता लागत नाही.

राहता राहिला पाऊस. पत्र्याची शेड पहाटे आतून घामेजते आणि थेंब नेमका बेडवर पडतो. पत्र्याखाली इन्सुलेशन आणि माथ्यावर वारा जायला वाट, दोन्ही हवं. मशीनवर प्लास्टिक टाकू नये, आतली ओल आतच राहते. तेलात भिजवलेलं सुती कापड बरं. शेड कुठे गळते, जमीन कुठे खचते, शेजारी आवाजाला किती कुरकुरतात, हे सगळं एका जून-ते-सप्टेंबरात कळतं. म्हणून शेड आत्ता बांधा, एक पावसाळा तिच्यावरून जाऊ द्या, आणि लेथ दसऱ्याला आणा.