फिरून बोली

कृष्णेच्या खोऱ्यात हळदीचे पीक पूर्वापार घेतले जाते. सातारा जिल्ह्याच्या काही भागांतील आणि सांगली जिल्ह्यातील हळद विक्रीसाठी सांगलीच्या पेठेत येते. सांगली जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' या नावाने वेगळा झाला व १९६० साली त्यास आजचे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले, तरी या मुलुखातील शेतकऱ्यांचा सांगलीच्या पेठेशी असलेला संबंध तुटला नाही. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

हळद लावल्यापासून ती पोत्यात भरेपर्यंत जवळजवळ वर्ष लोटते. कंद खणून काढावे लागतात, ते शिजवावे लागतात, उन्हात वाळवावे लागतात आणि घासून त्यांना चकाकी आणावी लागते. वर्षभराच्या या श्रमांचे मोल मात्र सौद्याच्या वेळी काही मिनिटांत ठरते. सांगलीच्या मार्केट यार्डात शेतकरी आपला माल अडत्याच्या दुकानी आणतो. खरेदीदार हळकुंड मोडून पाहतात, त्याचा रंग व वाळवण पारखतात आणि मग उघड लिलावात बोली चढत जाते.

सर्वांत वरची बोली लागली म्हणजे माल विकला गेला, असे मात्र नाही. दर पसंत पडला, तरच शेतकरी होकार देतो. दर पडलेला वाटला, तर तो सौदा नाकारू शकतो. मग माल अडत्याच्या गोदामात राहतो आणि पुढच्या एखाद्या सौद्यात त्यावर फिरून बोली लावली जाते. नकार देण्याचा हा अधिकार शेतकऱ्याच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. तो नसता, तर खरेदीदार देईल तो दर मुकाट्याने घेण्यावाचून त्याला गत्यंतर उरले नसते.

परंतु तोच माल तसाच पुन्हा मांडला, तर दर आपोआप वाढत नाही. पहिल्या वेळी बोली का चढली नाही, याचा शोध आधी घ्यावा लागतो. कधी त्या दिवशी आवक फार झालेली असते. कधी खरेदीदार थोडे आलेले असतात. अशा वेळी दिवस बदलल्यानेच काम भागते. कधी दोष मालातच असतो. हळद ओलसर असते, हळकुंडे आणि गड्डे एकत्र मिसळलेले असतात किंवा चकाकी कमी असते. अशी हळद पुन्हा वाळवून व निवडून मांडली, तर तिला अधिक दर मिळण्याचा संभव असतो. दोष न काढता तोच ढीग वारंवार मांडला, तर खरेदीदारांच्या मनात उलट शंका येते आणि बोली आणखी खाली येते.

थांबण्यासाठी माल टिकाऊ हवा आणि तो ठेवण्यास जागाही हवी. सांगलीजवळच्या हरिपूर येथे जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवीत असत. पेवाचे तोंड बंद केले, की आत हवा खेळत नसे; त्यामुळे हळदीला कीड लागत नसे. पेव उघडल्यावर आत कंदील सोडून तो जळतो की विझतो हे पाहत आणि मगच माणूस खाली उतरे. २००५ सालच्या महापुरात यांतील पुष्कळ पेवांची हानी झाली. तासगाव व सांगली येथील बेदाणा शीतगृहात ठेवतात, म्हणजे त्याचा रंग टिकतो. मेथी-कोथिंबिरीला मात्र असा अवधी नसतो. सकाळी न विकलेली जुडी संध्याकाळी कोमेजते. म्हणून भाजीवाल्याला पुष्कळदा मिळेल तो दर स्वीकारावा लागतो.

थांबण्याचीही किंमत असते. समजा, एका शेतकऱ्याच्या २० क्विंटल हळदीला क्विंटलमागे १२,००० रुपयांची बोली आली. त्याने ती नाकारली व दोन महिन्यांनी १२,८०० रुपयांनी माल विकला. वरवर पाहता त्याला १६,००० रुपये अधिक मिळाले असे वाटेल. पण तेवढ्या काळात हळद सुकून ४० किलो घट आली. म्हणून २,४०,००० रुपयांऐवजी २,५०,८८० रुपये हाती आले. त्यातून गोदामभाडे, हमाली आणि कर्जावरील व्याज यांचे ६,००० रुपये वजा जाता खरा लाभ ४,८८० रुपयांचाच झाला. दर आणखी थोडा कमी मिळाला असता, तर थांबणे तोट्याचे ठरले असते.

ज्याच्या घरी लग्नकार्य आहे किंवा ज्याच्यामागे सावकाराचा तगादा आहे, त्याला इतकेही थांबता येत नाही. त्याचा नकाराचा अधिकार कागदावरच राहतो. ही अडचण ओळखून महाराष्ट्रात शेतमाल तारण योजना सुरू झाली. शेतकरी माल गोदामात ठेवतो, त्यावर कर्ज घेऊन निकडीचा खर्च भागवतो आणि बरा दर आला म्हणजे माल विकून कर्ज फेडतो.

सौदा ठरूनही पैसे वेळेवर हाती आले नाहीत, तर चांगला दर काय कामाचा? म्हणून बाजार समिती व्यापाऱ्यांना परवाना देते व त्यांच्या व्यवहारावर देखरेख ठेवते. बेदाण्याच्या पेठेत दिवाळीच्या सुमारास काही काळ सौदे बंद ठेवून मागील सारी येणी चुकती करण्याची प्रथा आहे. जुना हिशेब मिटला, की नव्या बोलीला आरंभ होतो.

१४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने 'ई-नाम' ही राष्ट्रीय बाजारव्यवस्था सुरू केली. तीत बोली संगणकावर लागते, त्यामुळे दूरच्या गावचा व्यापारीही भाग घेऊ शकतो. तेथेही वरची बोली स्वीकारावी की नाकारावी, हे विक्रेताच ठरवतो. साधन नवे आले, तरी विचार जुनाच करावा लागतो: माल निर्दोष आहे काय, तो टिकेल काय, आणि थांबण्याचा खर्च वाढीव दरातून भरून निघेल काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याने आधी शोधली, त्याचा नकार हट्ट ठरत नाही. तो व्यवहारातील शहाणपणा ठरतो.