पासावरचा पूर्वज

1870 च्या सुमारास रत्नागिरीकडच्या एखाद्या खेड्यात कुणाचा फोटो निघाला असेल? रयतेचं सोडाच, गावच्या खोताचाही निघाला असण्याची शक्यता फार कमी. मुंबईत 1854 सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी कॅमेरा हाताळत होते. पण हा सगळा शहरी, सुशिक्षित मंडळींचा खर्चिक छंद. आणि तरीही त्याच काळात कोकणातून बाहेर पडलेल्या, अंगठा उठवणाऱ्या मजुरांचे चेहरे आज आपल्याला पाहता येतात. त्यासाठी जावं लागतं मॉरिशसला.

तिथल्या मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे. भारतातून करारावर आलेल्या मजुरांच्या नोंदवह्या आणि फोटो तिथे जपून ठेवले आहेत. 1834 पासून 1920 पर्यंत सुमारे पाच लाख भारतीय माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. काही तिथून पुढच्या वसाहतींत गेली, बहुतेक उसाच्या मळ्यांत राबली. या धक्क्याला आज ‘आप्रवासी घाट’ म्हणतात आणि 2006 पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. बिहारी आणि तमिळ मजुरांच्या मानाने मुंबई बंदरातून गेलेले कमी, पण त्यांच्यात रत्नागिरी-साताऱ्याकडचे मराठी बरेच होते. मॉरिशसची साखर मुंबईच्या बाजारात ‘मोरस’ म्हणून खपायची. ती पिकवणाऱ्या हातांत आपलेही हात होते.

हे फोटो कुणी हौसेने काढलेले नाहीत. करार संपल्यावर मजूर मळा सोडून स्वतःचा धंदा करू लागले, भाजी पिकवू लागले, फेरीवाले झाले. मळेवाल्यांना हे नको होतं. 1867 च्या कायद्याने अशा जुन्या मजुरांना फोटो चिकटवलेला पास जवळ बाळगण्याची सक्ती केली. एकाचा पास दुसऱ्याने वापरू नये म्हणून हा चेहरा! रस्त्यात पोलिसाने अडवलं आणि पास नसला तर तुरुंग. या जाचाविरुद्ध 1871 साली आदोल्फ द प्लेव्हित्स या मळेवाल्याने मजुरांच्या वतीने गव्हर्नरकडे अर्ज दिला, त्यावर 9401 जणांच्या सह्या नि निशाण्या होत्या. पुढच्याच वर्षी चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमलं गेलं.

त्या फोटोंतले चेहरे पाहताना तंत्राचं भान ठेवायला हवं. तेव्हाचा फोटो काचेवर निघायचा. काचेला कलोडियन नावाचं चिकट द्रव्य लावायचं, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. मग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर छाप काढायचा. प्रकाश घेण्याला काही सेकंद लागत, तोवर हलायचं नाही. डोळ्यांतला तो रोखलेपणा काही अंशी या ताटकळण्याचा आहे. शिवाय ही काच निळा प्रकाश चटकन टिपायची, पण लाल-पिवळा तिला जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लाल पागोटं काळं येई, निळं कापड पांढुरकं पडे आणि सावळी कातडी होती त्याहून काळी दिसे. म्हणजे पणजोबा फोटोत जसे दिसतात तसेच ते होते, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

खरा चमत्कार आहे तो फोटोशी जोडलेल्या क्रमांकाचा. बोटीतून उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि तो मरेपर्यंत त्याची पाठ सोडत नसे. तो क्रमांक सापडला की वहीचं पान उघडतं: नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, बोट, मळा. ज्या माणसाने आयुष्यात एक अक्षर लिहिलं नाही, त्याच्या अंगावरचा व्रणसुद्धा दीडशे वर्षं कागदावर टिकून आहे.

गाव शोधणं मात्र सोपं नाही. मजुराने सांगितलेलं नाव कारकुनाने इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलं. आडनावं तर बहुधा उतरलीच नाहीत. आजोबांचं नुसतं नाव पुढे सगळ्या घराण्याचं आडनाव झालं, आणि मूळ आडनाव समुद्रापलीकडे राहिलं. मग इतर खुणा कामी येतात. तिथल्या मराठी घरांत गणपती बसतो, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि ‘झाकरी’ नाचली जाते. कोकणातली जाखडी पाहिलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल.

या शोधाला आता व्यवहाराचंही कारण आहे. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशस भेटीत जाहीर केलं की, तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळू शकेल. त्यासाठी पूर्वज भारतातून आल्याचा पुरावा लागतो, आणि तो याच जुन्या वह्यांत आहे. ज्या नोंदी माणसाला मळ्याशी जखडून ठेवायला केल्या, त्याच आज त्याच्या पणतूला गावाकडची वाट दाखवतात.

यातून आपल्यालाही एक धडा आहे. मॉरिशसच्या मजुराचा चेहरा बोलू लागला, कारण त्याच्याशी नाव-गाव जोडलेलं होतं. आपल्या घरातल्या ट्रंकेत लग्नाचे, मुंजीचे, कुणाच्या तरी मांडीवरच्या बाळाचे फोटो पडलेले असतात. त्यातली कोण माणसं ते एखाद्या आजीलाच ठाऊक असतं. ती गेली की फोटो मुका होतो. तेव्हा येत्या सुट्टीत घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ ते घेऊन बसा. प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा: कोण, कुणाचं, कुठलं गाव, कोणतं साल. पेनची शाई पुढच्या बाजूला उतरू शकते, म्हणून पेन नको. मग मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून भावंडांना पाठवा. पणतवंडांना तुमचं गाव शोधायला एवढंही पुरेल.